दुसऱ्या भागातला अंधार

एका भीतीच्या व्हिडिओ गेमच्या दुसऱ्या भागात चांगलं काय आणि वाईट काय, हे मी लिहून देणार होते. गेमवर इंग्रजीत लिहिणारी एक छोटी वेबसाइट आहे, तिच्यासाठी मी हौसेने लिहिते. पोटापाण्याचं काम वेगळं. चांगलं ते लिहून झालं. वाईट गोष्टींच्या यादीत तिसऱ्या ओळीपर्यंत आले आणि हात थांबला. ती ओळ अशी होती: चित्र फार अंधारं आहे, कडेचं काही दिसत नाही. ही ओळ माझी नव्हे, अप्पांची. ती ठेवायची की खोडायची हे काही ठरेना, म्हणून लेख तसाच पडून आहे.

अप्पा म्हणजे माझे वडील. हा दुसरा भाग आला त्या वर्षी आमच्या घरात एकच काम चाललं होतं, अप्पांचा डावा डोळा वाचवायचा. उजवा आधीच गेला होता. काचबिंदू. दुखत नाही, लाल होत नाही, कडेकडेने नजर खात येतो, आणि माणसाला कळेपर्यंत मधलं तेवढंच उरतं. लॉकडाउनच्या दिवसांत ती थेंबांची बाटली तंजावुरात कुठल्याच दुकानात मिळेना. दीड महिना डोळे कोरडे राहिले आणि उजवा गेला तो गेलाच. डॉक्टरीणबाईंनी स्वच्छ सांगितलं होतं, गेलेलं परत येत नाही, आहे ते राखायचं. सकाळी एक थेंब, संध्याकाळी एक, जन्मभर. हे 'राखायचं' अप्पांना फार पटलं. नको तितकं पटलं.

राखणं हा त्यांचा धंदाच होता. पापनाशमच्या बाजूला कावेरीच्या कालव्यांवर त्यांची सगळी नोकरी झाली. नदीला भरपूर पाणी असेल तेव्हा त्यांना कोणी विचारत नसे. कमी पडलं की यांचं काम सुरू. वरच्या अंगाचे शेतकरी कालव्याचं दार उघडं ठेवा म्हणून भांडत, आणि कालव्याच्या अगदी टोकाचे, ज्यांना तिथे कडैमडै म्हणतात, ते कोरड्या वाफ्यात उभे असत. मग अप्पा 'मुरै' लावत, म्हणजे पाळी: इतके दिवस पाणी, इतके दिवस दार बंद. वरच्यांच्या शिव्या खात, पण टोकाच्या शेताला पाणी पोचवत. घरातही तोच कारभार. साबणाची चीप नव्या वडीला चिकटवायची, चांगलं पांघरूण पाहुण्यांसाठी, पायसातले काजू शेवटी जेवायला बसणाऱ्याला उरले पाहिजेत. आई वैतागून म्हणायची, "मी काय कडैमडैची बाई आहे काय? मला आत्ता वाढा."

अप्पांच्या डोळ्यांत थेंब आईच घालायची. ती गेली तेव्हा मी पुण्याची नोकरी घरून करायची परवानगी काढली आणि राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत परत आले. पहिल्याच संध्याकाळी बाटली घेऊन त्यांच्यापुढे उभी राहिले, तर त्यांनी ती माझ्या हातातून काढून घेतली. "हे मी पाहतों. तूं आपलं काम पाहा." आवाज असा, की पुढे बोलायची सोय नव्हती. मीही ऐकलं. त्याचा मला अजून राग येतो, आणि तो त्यांच्यावर नाही.

मराठीत का लिहिते आहे, तेही सांगून टाकते. आमच्याकडे, तंजावुरच्या जुन्या मराठी घरांत, मराठी तोंडात असते, हातात नसते. आईची वाणसामानाची यादी मराठीत, पण अक्षरं तमिळ. पुण्यात पहिल्या दिवशी मी ऑफिसात "अस्कं झालं" म्हटलं, म्हणजे सगळं झालं, तर समोरची बाई खो-खो हसली आणि मला पुन्हा म्हणायला लावलं. सहा वर्षं असंच. त्या रागात मी देवनागरी लिहायला शिकले. अप्पांना ती वाचता येत नाही, त्यामुळे हे त्यांच्या हाती लागलं तरी काही बिघडत नाही. आता तर तो प्रश्नच उरला नाही.

तर गेम. पहिला भाग मी आई गेली त्या वर्षी खेळले, रविवारी दुपारी. आमच्याकडे दुपारी बाहेर जायची सोय नसते. खिडक्या लावायच्या, पंखा पाचावर ठेवायचा आणि चारच्या कापीची, म्हणजे कॉफीची, वाट पाहायची. मिठागरांचं एक बेट, किनाऱ्याला नाव लागणं बंद झालेलं, टपाल वाटणारी एक बाई तिथे अडकलेली. बेटावर काहीबाही जनावरं फिरतात. बाईकडे एक कंदील आहे आणि तेल फार थोडं. गोष्ट एवढीच.

अप्पा झोपायला म्हणून वेताची खुर्ची घेऊन आले आणि झोपलेच नाहीत. बराच वेळ पाहिलं, मग म्हणाले, "या वाटेनं तूं तिसऱ्यांदा चाललीस. पाठ झाली नाही काय? दिवा कशाला जाळतेस?"

मी दिवा मालवला. अंधारात पावलं मोजत गेले, भिंतीला धडकले नाही, जनावर आलं नाही, तेल वाचलं. त्या दिवसापासून खेळणारी मी आणि खेळवणारे ते. औषधाची कुपी सापडली की बाई निम्मी मरायला टेकली तरी वापरू देत नसत. "ठेव. पुढें लागेल." मी हट्ट करायचे, ते शांत. आणि शेवटच्या झुंजीला खरोखरच अस्कं औषध लागलं, साठवलेलं एकूण एक. ती बाई नावेत बसली तेव्हा पिशवीत तेलाच्या तीन बाटल्या उरल्या होत्या. अप्पांनी खुर्चीत पाठ टेकली आणि कालव्याला शेवटचं शेत भिजल्यावर हसत असतील तसे हसले. दुसऱ्या दिवशी कापीच्या दुकानात जाऊन त्यांनी जुन्या सोबत्यांना काय सांगितलं कोण जाणे, पण एक म्हातारा मला रस्त्यात अडवून म्हणाला, तुझ्या बापानं एक बेट चालवलं म्हणे.

आई गेल्यानंतर त्यांना हसताना मी पहिल्यांदा पाहत होते. त्या हसण्यासाठी मी कुठलाही गेम विकत घेतला असता.

दुसरा भाग गेल्या वर्षी आला. आधी चांगलं सांगते, कारण पुष्कळ चांगलं आहे. तीच बाई, दहा वर्षांनी म्हातारपणाकडे झुकलेली, मुलीला घेऊन बेटावर परत येते. बेट तेच, पण निम्मं पाण्याखाली गेलेलं. आपल्याला पाठ असलेली वाट मधेच बुडते, आणि आपली सवयच आपल्याला फसवते, हे फार सुरेख साधलंय. जनावरं आता हळू चालतात. हळू येणाऱ्याची भीती जास्त वाटते हे कोणीतरी ओळखलंय. आणि बाई आता दमते. जिना चढली की कठड्याला हात टेकून उभी राहते, आपण कितीही बटणं दाबली तरी हलत नाही. अप्पा म्हणाले, "हें खरं केलंन."

पाण्याच्या आवाजावर मात्र त्यांनी नाक मुरडलं. एक लोखंडी दार उघडून पाणी सोडायचा प्रसंग आहे, मी आपली थक्क होऊन पाहते आहे, आणि हे म्हणतात, "दार एक वीत उघडल्यावर पाणी असं गर्जत नाही. आधी शिटी मारल्यासारखं वाजतं. यांनी कधी दार पाहिलं नाही."

वाईट सांगायचं तर, दुष्ट माणूस फार बोलतो. पहिल्या भागात जनावरं कुठून आली हे कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून भीती होती. इथे तो बाबा वीस मिनिटं उभा राहून शास्त्र सांगतो, आणि डोक्यात तिडीक जाते. दुसरं, तेल आणि औषधं चिक्कार. टेबलाच्या खणात तेल, देवळीत तेल, मेलेल्या माणसाच्या खिशात तेल. एवढं दिल्यावर माणूस भिणार कशाला? पण अप्पांनी हात सैल सोडला नाही. आम्ही तिथेही अंधारात चाललो. अर्ध्या गेमपर्यंत पिशवीत सत्तावीस बाटल्या झाल्या होत्या. मला ते हास्यास्पद वाटत होतं आणि आवडतही होतं.

आणि तिसरं, ती ओळ. अप्पांनी तीन-चार रविवारी तक्रार केली, की या भागात जनावर कडेनं येतं आणि एकदम अंगावर असतं. "ही लबाडी आहे. आधीच्यात लांबून येताना दिसायचं." मला तर दिसत होतं. पण मी खेळते आहे, माझं लक्ष जास्त, असं मी धरून चालले. मग म्हणाले, चित्रच अंधारं केलंय. मी टीव्हीचा उजेड वाढवला. पुढच्या रविवारी आणखी वाढवला. भिंती पांढुरक्या दिसायला लागल्या, काळोखाची सगळी मजा गेली. अप्पा म्हणाले, "हं, आतां थोडं बरं." त्यांची खुर्ची पुढे सरकत होती, तेही मी पाहिलं; वाटलं, रंगले आहेत. मधूनच विचारत, "तेल किती राहिलं?" तेलाचा आकडा पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात सगळा वेळ दिसत असतो. मला वाटलं, माझं लक्ष आहे की नाही ते बघताहेत. मी शाळेतल्यासारखं उत्तर द्यायचे. आणि एका रविवारी, कापी पिता पिता, मी वहीत वाईट गोष्टींखाली लिहून टाकलं: चित्र फार अंधारं आहे, कडेचं काही दिसत नाही. वर अप्पांना म्हटलं, "तुमचं नांव घालूं काय लेखांत?" त्यांना गंमत वाटली.

काचबिंदू कडेनं खात येतो हे मला माहीत होतं. डॉक्टरीणबाईंनी चित्र काढून दाखवलं होतं. तरी मी दोष गेमला दिला.

थेंबांची मी चौकशी करत नव्हते असं नाही. दर महिन्याला बाटली मीच आणायची. "संपली काय?" "संपली." "घातलांत काय?" "घातलें." सहा महिन्यांनी दवाखान्यात नेलं तर डोळ्याचा दाब ठीक निघायचा. त्याचं कारण नंतर कळलं. साहेब पाहणीला यायचे असले की आठवडाभर आधी कालव्याची दारं रंगवून, तेलपाणी करून ठेवायची, ही खात्याची रीत. दवाखान्याच्या आधी आठ दिवस अप्पा नेमाने थेंब घालत.

गेमच्या मध्यावर पूर येतो. समुद्र बेटात शिरतो, ती बाई मुलीला वर ढकलते आणि स्वतः वाहून जाते, आणि तिच्याबरोबर पिशवीही. तिथून पुढे आपण मुलगी. हातात विझलेला कंदील, बाकी काही नाही. सत्तावीस बाटल्या गेल्या. या प्रसंगावर पुष्कळांनी टीका केली आहे, की खेळणाऱ्याच्या कष्टांची ही क्रूर थट्टा आहे. मीही वहीत चौथा दोष म्हणून तेच लिहिणार होते. अप्पांनी खुर्ची आणखी पुढे ओढली. थोड्या वेळाने म्हणाले, "ती पिशवी पुन्हां मिळेल काय?" मी म्हटलं, नाही, गेली. ते उठले आणि आत जाऊन पडले. चारची कापीही घेतली नाही. मी दारातून म्हटलं, अप्पा, गेम आहे हो.

त्याच आठवड्यात ते अंगणातल्या पायरीवरून पडले, डावीकडच्या. घरात चाळीस वर्षं असलेली पायरी. मुका मारच लागला, पण मी त्यांना त्याच दिवशी डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं, त्यामुळे त्यांचे ते आठ दिवस हुकले.

तिथे एक तपासणी असते, एरवी वर्षातून एकदाच व्हायची. एका पांढऱ्या घुमटात हनुवटी टेकवून बसायचं, हातात एक बटण, आणि आत ठिपका उजळला की दाबायचं. अप्पांना मी नेहमी चिडवायचे, की तुमचा गेम हा. त्या दिवशी मी बाजूच्या बाकावर बसून त्यांचा अंगठा पाहत होते. अंगठा बराच वेळ हलतच नव्हता. मग एकदा दाबायचा, आणि पुन्हा नाही. नंतर जो कागद छापून आला त्यावर सगळं काळं होतं, मधे तेवढी एक पांढरी जागा. आमचा कंदील अगदी बारीक केला की पडदा असाच दिसायचा.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, थेंब चालू आहेत ना? अप्पा म्हणाले, चालू आहेत. मग परतताना रिक्षेत, राजवाड्याचं वळण आल्यावर, आपणहून म्हणाले, "मुरै लावली होती."

"कशाला?"

"डोळ्याला. दोन दिवस घालायचे, दोन दिवस बंद."

मी काय बोलले ते लिहायला नको, पण लिहिते. "डोळ्यांत काय भात लावलाय तुम्ही?" असं मी रिक्षेत ओरडले. रिक्षावाल्याला मराठी कळत नव्हतं, तरी त्याने आरशात पाहिलं. अप्पा खाली मान घालून बसले होते. मग अगदी हळू म्हणाले, "तूं कधींतरी पुण्यास परत जाशील. पुन्हां सगळं बंद झालं, तर माझेपाशी कोण आणून देणार? शेवटीं मी एकटा. तेव्हां पुरायला नको काय?"

मी पुण्याला परत जाणार नव्हते. ते माझं दोन वर्षांपूर्वीच ठरलं होतं. त्यांना सांगायचं राहिलं होतं, इतकंच.

बाटल्या मला घरी गेल्यावर सापडल्या. फ्रिजमध्ये आई मोगऱ्याची फुलं ठेवायची तो स्टीलचा डबा. ती गेल्यापासून आम्ही दोघंही त्याला हात लावत नव्हतो, निदान मला तसं वाटत होतं. त्यात चौदा बाटल्या, सील न फोडलेल्या, जुन्या पुढे, नव्या मागे, ओळीने लावलेल्या. नऊ बाटल्यांची मुदत उलटून गेली होती. डब्याला अजून मोगऱ्याचा वास येत होता. मी तिथेच स्वयंपाकघरात जमिनीवर बसले आणि हुंदके देऊन रडले. अप्पा बाहेर बसले होते, त्यांना ऐकू येत असणार. ते आत आले नाहीत.

मग थेंब मी घालायला लागले, दुसरं औषध वाढलं, शस्त्रक्रियाही झाली. उपयोग झाला नाही असं म्हणत नाही, डोळ्याचा दाब तेवढा उतरला. पण पोंगलपर्यंत मधली पांढरी जागाही गेली. आता त्यांना खिडकी कुठे आहे ते कळतं, माणूस कळत नाही. माझ्या पावलांवरून ओळखतात.

गेम तसाच अर्धा पडला होता. मला तो पुन्हा पाहायचाही नव्हता. एका रविवारी जेवणं झाल्यावर अप्पाच चाचपडत वेताची खुर्ची घेऊन आले आणि म्हणाले, "त्या मुलीचं पुढें काय झालं?"

मी सुरू केलं. आता मी खेळायची आणि बोलायची: डावीकडे जिना आहे, अप्पा, पायऱ्यांवर पाणी, वर दार, दाराला कुलूप. पुण्यात लोक ज्या मराठीला हसले त्याच मराठीत. सुरुवातीला चुकायचे, जनावर आलं की घाबरून बोलणंच बंद पडायचं, आणि अप्पा अंधारात एकटे राहायचे. मग जमायला लागलं. टीव्हीचा उजेड मी पहिल्यासारखा केला. चित्र अंधारं नाही. फार नीट केलंय, कडेचा प्रत्येक दगड दिसतो, लांबून येणारं जनावरही दिसतं.

शेवटी एक लांब भुयार लागतं. त्यातून त्या मुलीच्या आईची नाव बांधलेल्या धक्क्यापर्यंत जायचं, की गेम संपला. भुयाराच्या तोंडाशी आले तेव्हा मुलीच्या पिशवीत बारा बाटल्या होत्या. पुन्हा साठवल्या होत्या, सवयीने, मीच.

"तेल किती आहे?" अप्पांनी विचारलं.

"बारा."

"पेटव."

"अप्पा, पुढें लागेल," मी म्हटलं. तोंडातून गेलं आणि मग ऐकू आलं.

अप्पांनी मान माझ्या आवाजाकडे वळवली. पंखा फिरत होता. मग म्हणाले, "पुढचं पुढें. अस्कं पेटव. आणि काय दिसतं तें सांग."

मी कंदील मोठा केला. भुयार पार टोकापर्यंत उजळलं. ओल्या भिंती, भिंतींवर मिठाचे पांढरे ओघळ, जमिनीवर एक तुटकं वल्हं, छतातून ठिबकणारं पाणी. जनावर नव्हतंच कुठे. धक्का शंभर पावलांवर होता, एक बाटलीसुद्धा लागली नसती. मी मुलीला तिथेच उभी केली आणि अप्पांना सांगत राहिले, एकेक दगड, एकेक ओघळ, तेल संपेपर्यंत.